दोनशे चौदा कॉलेजांची वही

घोडबंदर रोडला ऑफिस थाटलेल्या एका ॲडमिशनच्या सल्लागाराने माझ्या मुलीला फसवलं. मला नाही, तिला. मला फसवणं सोपं नाही. उल्हासनगरच्या कापडबाजारात कुणालाही विचारा. बावीस वर्षं मी तिथून गाऊन, परकर, लेगिंगचे लॉट उचलते आहे. सुरुवातीला डोंबिवलीत गाठोडं घेऊन दारोदार जिने चढले, आता पूर्वेला माझा स्वतःचा गाळा आहे. एवढ्या वर्षांत एकाही व्यापाऱ्याला मी फाटका माल पचवू दिला नाही. आणि हा माणूस काचेच्या टेबलामागे बसून माझ्या मुलीची चार वर्षं घेऊन गेला, आणि मी निघताना त्याला चहा छान होता म्हणून सांगून आले.

इंजिनिअरिंगचा सरकारी प्रवेश ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बारावीनंतर परीक्षा होते, निकाल लागतो, आणि मग मुलांनी संगणकावर एक यादी भरायची असते: कुठलं कॉलेज, कुठली शाखा, पसंतीच्या क्रमाने. तीनशे नावं भरता येतात. भरता येतात म्हटल्यावर ती भरलीच पाहिजेत असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. ताट वाढलंय तर उठायचं कशाला.

मी दुकानातली एक नवी लाँगबुक काढली आणि आम्ही लिहायला बसलो. पहिल्या दिवशी बारा नावं झाली. मग शेजारच्या वहिनी आल्या, त्यांच्या भाचीला पुण्यात लागलं होतं, म्हणून पुण्याची नऊ. बदलापूरचे माझे दीर आले, त्यांनी नाशिक घातलं. क्लासच्या सरांनी फोनवर कऱ्हाड आणि सांगली सांगितली. ह्यांच्या वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमधल्या एका माणसाने तर कागदावर अठरा नावं लिहून पाठवली, त्यातली दोन कॉलेजं बंद पडलेली होती. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बायकाही गाऊनचा काठ चाचपता चाचपता एखादं नाव टाकून जायच्या. आठवड्यात वही दोनशे चौदावर गेली. एवढा माल उचलायचा नसतो हे मला दिसत होतं, पण त्यातला कुठला टाकून द्यायचा ते कळत नव्हतं. कापड मला बोटाला कळतं. कॉलेज कसं कळणार?

मुलीला मात्र कळत होतं. तिला त्या दोनशे चौदांमधलं एकच हवं होतं. मुंबईतलं एक जुनं कॉलेज, आणि तिथे सिव्हिल.

सिव्हिल का, तर ती आठवीत असताना आमच्या आधीच्या बिल्डिंगला पालिकेची नोटीस आली होती. धोकादायक इमारत. मग एक दिवस तपासणीला एक इंजिनिअर बाई आली. पायात स्पोर्टशूज, खांद्याला पिशवी, हातात छोटी हातोडी. ती प्रत्येक मजल्यावर जाऊन पिलरवर ठोकायची आणि कान देऊन ऐकायची. आमची ही तिच्या मागे मागे तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत. दुसऱ्या मजल्यावर त्या बाईने हिच्या हातात हातोडी दिली आणि म्हणाली, "ठोक. आता इथे ठोक. फरक ऐकू येतो?" एक आवाज भरीव होता, एक पोकळ. बिल्डिंग रिकामी करताना बाकीची माणसं रडत होती, आणि ही मला सांगत होती की आपल्या बिल्डिंगचे सोळांपैकी पाच पिलर पोकळ आहेत. त्या दिवसापासून ही कुठेही गेली की बोटाच्या पेराने भिंत वाजवते. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा. मी कितीदा तरी हातावर चापट मारली आहे.

तर तिला ते हवं होतं. तिचे मार्कही त्याला पुरत होते, तिने मागच्या वर्षांचे कट-ऑफ काढून ठेवले होते. पण सगळे म्हणत होते कम्प्युटर, कम्प्युटर, आणि मलाही वाटत होतं की एवढे लोक म्हणतात तर काहीतरी असेल. भांडण नको म्हणून मी म्हटलं, आपण माहितगार माणसाकडे जाऊ. एका गिऱ्हाइकाने या सरांचं नाव दिलं. यादी छाटून देतात म्हणाली.

दोन बस बदलून आम्ही घोडबंदर रोडला गेलो. उन्हातून ट्रॅफिकमध्ये दीड तास. बसमध्ये मी मुलीला बजावलं, "तुला काय हवंय ते तिथे बोलायचं नाही."

"का?"

"आपल्याला काय आवडलंय हे समोरच्याला कळलं की भाव त्याच्या हातात जातो."

"आई, आपण तिथे गाऊन घ्यायला नाही चाललो."

"धंदा सगळा सारखाच असतो," मी म्हटलं.

हे मी तिला लहानपणापासून शिकवलेलं. उल्हासनगरला ती सुट्टीत माझ्याबरोबर यायची. मला जो लॉट हवा असेल त्याच्याकडे मी बघतही नसे. शेजारचा हातात घ्यायचा, त्याला नावं ठेवायची, निघायचं, आणि निघता निघता, बरं हा कसा, असं विचारायचं. पोरीला एकदा राहवलं नाही, "आई, तो निळा, तो निळा," म्हणाली आणि त्या व्यापाऱ्याने भाव सोडला नाही. त्यानंतर आमची खूण ठरली. सौदा चालू असताना मी तिचा गुडघा दाबला की तिने गप्प बसायचं.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. सर माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, बाह्या दुमडलेल्या, बोलणं गोड. वही बघून हसले. "ताई, ही यादी आहे की मतदारयादी?" मलाही हसू आलं. मग त्यांनी खिशातून हिरवं पेन काढलं आणि छाटायला सुरुवात केली. काय हात होता त्या माणसाचा. "विदर्भ? पाठवणार आहात मुलीला? नाही ना. काढा. ही बंद पडली. ह्याला प्रोफेसर नाहीत. इथे होस्टेल नाही. ही तीन एकाच मालकाची, एक ठेवा." पानामागून पान. मला आठवडाभर जे जमलं नव्हतं ते तो वीस मिनिटांत करत होता, आणि खरं सांगते, मला तो माणूस आवडायला लागला. कामाचा हात मला कळतो.

चाळीसवर आल्यावर आमची खेचाखेची सुरू झाली. तो काढायचा, मी ठेवायची. "नाशिकची दोन तरी राहू दे, दीर आहेत माझे, रोज विचारतील." "एक ठेवतो." "मग पुण्याचं ते वर घ्या." मजा येत होती. मग तो मुलीच्या कॉलेजवर आला आणि त्याने त्याच्यावर पेन टेकवलं.

"सिव्हिल? मुलीला? उन्हात उभं राहायचंय का? काढूया."

मी तोंडावर काही दाखवलं नाही. मी पंख्याकडे बघत म्हटलं, "राहू दे हो. ह्यांच्या ओळखीचे आहेत कुणीतरी तिथे. उगीच वाईट वाटायचं."

"बरं. खाली टाकतो, तिसाव्याला."

"तिसाव्याला टाकलं काय आणि काढलं काय. पाचव्याला घ्या."

"ताई, तुम्ही काय ऐकत नाही. चला, तुमच्यासाठी चौथं."

चौथं. मी जिंकले होते. मनातल्या मनात मी मुलीच्या पाठीवर थाप मारली.

मग त्याने कोरा कागद घेतला आणि वर एक नंबरवर एक नाव लिहिलं. शीळफाट्याच्या पुढचं एक खाजगी कॉलेज, कम्प्युटर. आमच्या वहीत ते एकशे साठाव्या नंबरच्या आसपास कुठेतरी होतं.

"हे एक नंबर?" मी विचारलं.

"हे खात्रीचं. पहिलं खात्रीचं लिहायचं. सीट आधी हातात आली पाहिजे ताई, मग दुसऱ्या फेरीत, तिसऱ्या फेरीत आपण वर सरकायचं. हातात काही नसताना सौदा कुणी करतं का?"

बघा, माझ्याच धंद्याची भाषा बोलला. मीही बाजारात हेच करते. आधी एका व्यापाऱ्याचा भाव पदरात घ्यायचा आणि मग दुसऱ्याच्या पायरीवर चढायचं. मला एकदम पटलं. इतकं पटलं की पुढचं मी ऐकलंच नाही.

तेवढ्यात मुलगी बोलली. इतका वेळ ती गप्प होती. ती म्हणाली, "सर, पण पहिला ऑप्शन लागला तर—"

मी तिचा गुडघा दाबला.

ती थांबली. सवयीने थांबली. सरांनी मान वर केली, तिच्याकडे बघितलं. एक क्षण, दोन क्षण. मग खाली बघून दोन नंबरवरचं नाव लिहायला लागले. तिने काय विचारलं हे त्यांनी ऐकलं होतं. तो क्षण मी हजारदा आठवून बघितला आहे, आणि माझी खात्री आहे की ऐकलं होतं.

खाली येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. मी खुशीत होते. दोनशे चौदाचे चोवीस झाले होते आणि चौथा नंबर मी खेचून आणला होता. ती अर्धा ग्लास तसाच ठेवून उठली.

फॉर्म भरायच्या दिवशी ती तोच प्रश्न घेऊन परत माझ्याकडे आली. हातात मोबाइल. "आई, नियम वाच ना एकदा. इथे लिहिलंय की—"

मी तेव्हा दुकानात होते, समोर एक व्यापारी आखूड लॉट गळ्यात मारत होता, डोकं तापलेलं. मी सगळ्यांसमोर ओरडले, "त्या माणसाने एवढी पोरं बसवली आहेत, तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं? दोन अक्षरं काय शिकलीस!" ती गेली. संध्याकाळी माझ्या मोबाइलवर ओटीपी आला, मी आकडे वाचून दाखवले, तिने यादी लॉक केली.

पहिल्या फेरीत एक नंबर लागला.

मी पेढे आणले. ती पेढ्याकडे बघत म्हणाली, "आता संपलं."

"काय संपलं? अजून दुसरी फेरी आहे, आपण वर—"

"आई, पहिल्या फेरीत पहिलाच ऑप्शन लागला तर तोच घ्यावा लागतो. सीट गोठते. नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. तेच विचारत होते मी तिथे."

ह्यांनी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. तो पेढा परत ठेवणं मला अजून दिसतं.

वर कुठे सरकणार होतो आम्ही? एकाच्या वर नंबरच नसतो. एवढी साधी गोष्ट, पहिलीतल्या पोराला कळेल, आणि मला त्या ऑफिसात कळली नाही, कारण मी चौथा नंबर मिळवण्यात गुंग होते.

नंतर त्या मुंबईच्या कॉलेजची यादी लागली. सिव्हिलची शेवटची सीट ज्या मार्कांना गेली ते हिच्यापेक्षा कमी होते. हे तिने मला सांगितलं नाही. मीच क्लासच्या सरांकडून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी घोडबंदरला गेले. सरांनी उभं राहून हात जोडले. "अभिनंदन ताई! पहिलीच फेरी, पहिलाच ऑप्शन. लोक नवस बोलतात यासाठी."

"दुसऱ्या फेरीत वर सरकायचं होतं ना?"

"असं मी म्हणालो?"

"याच खुर्चीत बसून."

"काहीतरी गैरसमज झालाय. नियम तर सगळे वेबसाइटवर आहेत. आणि फॉर्म लॉक तुम्ही केलात ना? ओटीपी तुमच्या मोबाइलवर आला ना?"

मी वही त्यांच्या काचेवर आपटली. बाहेर बसलेले आईबाप वळून बघायला लागले.

"मॅडम, आवाज खाली," ते म्हणाले. ताईची मॅडम झाली होती. "आपण कपड्याच्या गाळ्यावर नाही आहोत."

"गाळ्यावर असतो तर दिलेला माल परत तरी घेतला असतास," मी म्हटलं. वॉचमन आला. मी वही उचलली आणि स्वतःहून निघाले. कुणी हाताला धरून बाहेर काढायची वेळ मी अजून आयुष्यात येऊ दिलेली नाही.

सीट सोडावी का, यावर घरात दोन दिवस गेले. सोडली तर उरल्यासुरल्या जागा, नाहीतर एक वर्ष वाया. मुलगीच म्हणाली, "घेऊन टाकू." ज्या आवाजात मी शेवटचा न खपणारा लॉट काढून टाकते, त्या आवाजात.

शीळफाट्याच्या पुढे त्या कॉलेजात कागद द्यायला गेलो तेव्हा रांगेत आमच्यापुढे कल्याणचे एक गृहस्थ होते, मुलाला घेऊन आलेले. त्यांच्या हातात एक कागद होता. हिरव्या शाईचा.

"तुमचंही एक नंबर हेच?" मी विचारलं.

"हो. खात्रीचं म्हणाले."

"आणि नंतर वर सरकायचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि कागदाची चौघडी करून खिशात घातली. टेबलावरच्या मुलीने आमचं नाव लिहिताना सहज विचारलं, "घोडबंदरवाल्या सरांकडून ना?" आणि उत्तराची वाट न बघता एका चौकटीत खूण केली. तिच्या कागदावर तशा खुणांची एक उभी रांगच होती.

मी त्याला दोष देते म्हणजे स्वतःला सोडते असं कुणी समजू नये. त्या दिवशी परत येताना, बस शीळफाट्याला अडकली असताना, मी मुलीला म्हटलं, "चुकले मी. तुला बोलू द्यायला हवं होतं."

ती खिडकीबाहेर बघत होती. तिथे पुलाचं काम चालू होतं. "मला माहितीये," ती म्हणाली. बस हलल्यावर म्हणाली, "तू गुडघा फार जोरात दाबतेस." तेवढंच. तिने मला माफ केलं की नाही हे मी विचारलं नाही. विचारून पदरात पाडून घ्यायची ती गोष्ट नव्हे.

याला आता वर्ष होत आलं. ती रोज त्याच रस्त्याने जाते, कम्प्युटर शिकते, पासही होते. भिंती वाजवणं बंद झालंय. आधी मी चापट मारायचे. आता कुठे नव्या बिल्डिंगमध्ये गेलो तर मीच तिच्या हाताकडे बघत राहते.

हे सगळं मी गिळलं असतं. बाजारात कधीतरी मार खावा लागतो. पण गेल्या आठवड्यात आमच्या दुकानासमोरच्या चौकात एक बॅनर लागला. त्याच सरांचा. डोंबिवलीत हॉल घेऊन रविवारी मोफत मार्गदर्शन. खाली मुलांचे फोटो, आणि वर मोठ्या अक्षरांत: पहिल्याच फेरीत पहिली पसंती मिळवणारे आमचे विद्यार्थी. दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरी, माझी मुलगी.

मी शटर अर्धं ओढून तिला फोन केला. ती कॉलेजातून येताना तिथे थांबली, बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "दहावीच्या आयकार्डचा फोटो आहे, कॉलेजच्या फॉर्मला लावलेला. वेणी घातलेला." मग घरी जाऊन जेवली.

पहिली पसंती. तिची पसंती काय होती हे तर त्या माणसाने तिला विचारलंही नाही. मी सांगू दिलं नाही हे माझं पाप, पण त्याने विचारलं नाही. यादी छाटणाऱ्याने आधी विचारायचं ते हेच ना, की पोरी, तुला काय हवंय? दोनशे चौदा नावांवर त्याचं पेन फिरलं, आणि समोर बसलेल्या पोरीला त्याने एक प्रश्न केला नाही. तिने केला तो अर्धा राहू दिला.

तर सर, रविवारी मी येते आहे. पहिल्या रांगेत बसेन. वही बरोबर असेल, तुमच्या हिरव्या शाईसकट. फोटो उतरवा, हे तर मी सांगेनच. पण माझी मागणी ती नाही. माझ्या वाट्याचं उत्तर मी माझ्या मुलीला बसमध्ये दिलं. तुमच्या वाट्याचं राहिलंय. हॉलमध्ये बसलेल्या सगळ्या आईबापांसमोर, माइक हातात असताना, तिचा तो प्रश्न मी पूर्ण करीन आणि तुम्ही त्याचं उत्तर द्यायचं. उभं राहून द्यायचं. गैरसमज, वेबसाइट, ओटीपी यातलं काही मध्ये न आणता.

पहिला ऑप्शन लागला तर काय होतं, सर? आणि तुम्हाला ते माहीत होतं, तर तिच्याकडे बघून मान खाली का घातलीत?